ठकीचा हुंकार

गोष्ट ऐकणाऱ्यानं मधूनमधून हुंकार द्यायचा, नाही दिला तर गोष्ट तिथंच थांबते, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि तिनं ते ठकीला शिकवलं. ठकी तिची लेक. तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. चमचा आण म्हटलं की आणायची, रागावलं की ओठ काढायची. पण शब्द म्हणून फुटत नव्हता. 'हं' तेवढा झकास जमायचा. डॉक्टर म्हणाले होते, तपासण्या सगळ्या ठीक आहेत, तुम्ही तिला भरपूर वाचून दाखवा.

"अगं, तू पडलीस लेखिका," नणंद फोनवर म्हणाली होती. "तुझ्यापुढं त्या पोरीला बोलायला सवड कधी मिळायची? माझाही उशिराच बोलला. आता त्याला गप्प बसवायचं औषध शोधतेय."

ती हसली होती. मग फोन ठेवून ठकीच्या तोंडाकडे बघत बसली होती.

नवऱ्याच्या धरणावरच्या नोकरीमुळे ते या गावात आले होते. घर शेवटचं, पलीकडे नुसती गारठलेली शेतं. बोलायला माणूस नाही म्हणून ती एका साप्ताहिकासाठी हिवाळ्याबद्दल लिहायची. सकाळी लिहायचं आणि दुपारी शेगडीजवळ घोंगडीवर ठकीला बसवून ते मोठ्यानं वाचायचं. जिथं हुंकार रेंगाळायचा, तिथलं वाक्य फसलं असं समजून ती ते मोडायची. कुठल्याही संपादकापेक्षा ठकीचा कान तिखट होता.

त्या आठवड्यात वादळ आलं. पूल बंद झाला, नवरा धरणावरच अडकला, फोन मुका झाला. पत्रे दिवसभर कण्हत होते. भर दुपारी खोलीत तिन्हीसांज झाली होती आणि ती खिडकीशी कागद धरून वादळावरचाच लेख वाचत होती. हुंकार असे नेमके पडत होते की तिला स्वतःच्या लेखणीचं कौतुक वाटलं.

पान उलटताना तिनं वर पाहिलं. ठकी झोपली होती. अंगठा तोंडात, गाल शेगडीच्या उबेनं लाल.

झोपेतही सवय असते पोरांना, असं म्हणून तिनं पुढचं वाक्य वाचलं. नजर ठकीच्या ओठांवर होती. ओठ हलले नाहीत.

"हं."

मागच्या भिंतीकडून. आवाज ठकीसारखाच, पण जरा समजूतदार. मोठ्या माणसानं लहानाला बोलू द्यावं तसा.

वारा असेल. झरोक्यातून शिरतो, काहीही ऐकू येतं. ती शिकलेली बाई होती. घाबरायच्या आधी तिनं पडताळा घ्यायचं ठरवलं. मुद्दाम एक पसरट, भोंगळ वाक्य रचलं आणि वाचल्यासारखं म्हटलं.

हुंकार उशिरा आला.

तिनं कागद उपडा ठेवला. त्यानंतर तिनं वाचलं ते मनातल्या मनात. ठकी कागद उचलून आणायची, तिच्या मांडीवर ठेवायची, समोर बसून वाट बघायची. ती तो बाजूला सारायची. वाचलं नाही तर पोर बोलायची नाही, हे तिला आतून खात होतं. आणि वाचलं तर भिंतीतलं ते ऐकणार होतं. ठकी काही हट्ट करत नव्हती. नुसती बघायची, आधी आईकडे आणि मग भिंतीकडे.

वादळ ओसरत आलं त्या दुपारी ती स्वयंपाकघरात दूध तापवत होती. बाहेरच्या खोलीतून एक बारीक, गंजल्यासारखा आवाज आला.

"एक आई होती."

तिनं ओटा घट्ट धरला. डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं पुसलं. बोलली. माझी ठकी बोलली.

"हं," कुणीतरी म्हणालं.

"आई रडली."

"हं."

"दूध उतू गेलं."

समोर फेस भांड्याच्या कडेवरून खाली ओघळला. गॅस चरचरला. तो बंद करायचं भान तिला कसं राहिलं कुणास ठाऊक. ती बाहेर धावली.

"आई दारात आली."

"हं."

ठकी घोंगडीवर पाठमोरी बसली होती, तोंड भिंतीकडे. समोर कुणी नव्हतं. चुन्याला आलेले पोपडे तेवढे.

"आई थांबली."

पाय उंबऱ्याशीच राहिले.

"आईला हाक मारायची होती."

"हं."

तिचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुढं काय, ते अजून ठकीनं सांगितलं नव्हतं.

ठकी अडखळली. डोकं खाजवलं. पुढचं वाक्य तिला सुचेना.

बाहेर वारा पडला होता. पत्रे गप्प होते. आई दारात उभी राहून लेकीच्या एवढ्याशा पाठीकडे बघत राहिली.

ठकी काहीच बोलली नाही.

"हं," भिंतीकडून आलं, अगदी वेळेवर.