दोऱ्यानं मोजलेली वाट

सतरा नंबरचं पत्रक संपलंय, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय, म्हणजे तुम्हाला ते काही पटलेलं नाही. बसा. दिवा जरा जवळ ओढा, या धुक्यानं चार वाजताच अंधारून येतं. पत्रक कपाटात आहे. ते मी का देत नाही, तेवढं ऐका आणि मग मागा.

माझा धंदा डोंगर चालणाऱ्यांना वाटा आखून देण्याचा. एका वाटेचं एक पत्रक. कुठून निघायचं, कुठल्या खुणेपाशी वळायचं, किती वेळ लागेल. ताशी चार किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जास्त, असा माझा ठोकताळा. लोक मला वाटाड्या म्हणतात. बायको म्हणते, "स्वतःचा चष्मा घरात सापडत नाही आणि निघाले जगाला वाट दाखवायला." प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: 'ही वाट स्वतः चालून तपासलेली आहे.' त्या ओळीवरच लोक पत्रक उचलतात.

बारा नंबरची वाट मी अर्धीच चाललो होतो. लांबलचक धार आहे ती, दोन्ही अंगांना उतार. दगडी कुंपणाची एक जुनी भिंत धारेवर चढत जाते आणि मध्येच संपते. तिथवर गेलो आणि पाऊस लागला. गुडघाही कुरकुरत होता. म्हटलं, जाऊ दे. उरलेली वाट घरी शेगडीपाशी बसून मोजली. नकाशावरच्या रेषेवरून दोरा फिरवायचा, मग तो पट्टीवर ताणून धरायचा. मी लिहिलं, 'भिंत संपली की डावीकडे वळा आणि दोनशे पावलं सरळ जा. वाट स्पष्ट आहे.' उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय!

नकाशा जुना होता. त्याची घडी नेमकी त्या जागेवरून जात होती आणि घडीवरची शाई झिजून पांढरी पडली होती. त्या पांढऱ्या पट्टीत एक कडा होता. नवा नकाशा आणला तेव्हा तो मला दिसला. पण नवा नकाशा मी आणला, तो एका मुलीला त्या कड्याखालून उचलून आणल्यावर.

सव्वीस वर्षांची होती. एकटीच गेली होती. धुक्यात वाट चुकली असेल, असं सगळे म्हणाले. ती चुकली नव्हती. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं पाळलं होतं. मी गुपचूप दुरुस्त पत्रक छापून घेतलं, जुन्या प्रती शेगडीत घातल्या आणि तोंडाला कुलूप लावलं.

वर्षभरानं एका सकाळी तिचे वडील दुकानात आले. घड्याळं दुरुस्त करायचे ते. सत्तरीचे, सडसडीत, बोटं अजून स्थिर. त्यांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. चारही कडांनी चिकटपट्टी लावलेली. आत बारा नंबरचं जुनं पत्रक होतं, पाण्यानं फुगून वाळलेलं.

"तिच्या पिशवीत सापडलं," ते म्हणाले. "आमच्या घरात वेळ लिहून ठेवायची सवय. हे बघा."

प्रत्येक खुणेपुढं बारीक अक्षरात पेन्सिलीनं वेळ लिहिली होती. फाटक, आठ दहा. ओढ्यावरची फळी, नऊ पाच. दगडांची रास, दहा वीस. भिंतीचा शेवट, अकरा चाळीस. त्यापुढं काही नव्हतं.

"तुम्ही ही वाट चाललाय ना?"

"हो," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझाच आवाज मला परका वाटला.

"मग मला तिथवर न्या. शेवटची वेळ तिनं कुठं लिहिली, ते एकदा बघायचंय."

नाही कसं म्हणणार? दोन दिवसांनी आम्ही निघालो, मी आणि काका; मी त्यांना तसंच म्हणू लागलो होतो. फाटकाची कडी काढली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. आठ दहा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फळीवर पोचलो तेव्हा नऊ पाच झाले होते. मी म्हटलं, योगायोग. पुढं मात्र मी मुद्दाम रेंगाळलो. बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली, पाणी प्यायलो, एका मेंढीकडे बघत उगाच उभा राहिलो. सत्तरीचा माणूस आणि दुखऱ्या गुडघ्याचा मी, तरुण पोरीच्या चालीनं चढणं शक्यच नव्हतं. तरीही दगडांच्या राशीला हात लागला तेव्हा काकांनी मनगट माझ्यापुढं धरलं. दहा वीस.

ते पुढं चालू लागले. मीही मागोमाग निघालो.

त्यानंतर धुकं उतरलं. आधी समोरची धार गेली, मग भिंतीचा वरचा भाग, मग माझेच बूट पुसट दिसायला लागले. वारा पडला. ओल्या गवताचा वास येत होता आणि त्यात ओल्या लोकरीचाही, कुणी भिजलेला स्वेटर अंगावर घालून अगदी जवळून चालल्यासारखा. आम्हा दोघांच्या अंगात रेनकोट होते. भिंतीवर हात ठेवून आम्ही चालत राहिलो, आणि एके ठिकाणी हाताखालचे दगड संपले.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. काकांनी पाहिलं, आणि नुसती मान डोलावली.

"आता पुढचं वाचा," ते म्हणाले.

"काका, इथूनच परत फिरू या..."

"वाचा."

मी त्यांच्या हातातल्या पाकिटावर वाकलो. तेवढ्यात डावीकडून, धुक्यातून आवाज आला. बाईचा, दमलेला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"...एकशे चौतीस... एकशे पस्तीस..."

माझी पाचावर धारण बसली. काका मात्र अजिबात दचकले नाहीत. त्यांचा चेहरा किती शांत होता, ते मी कधी विसरणार नाही.

"...एकशे सदतीस... एकशे अडतीस..."

मग काहीच नाही. एखादा खडा पडल्याचाही आवाज नाही. आणि थोड्या वेळानं, आमच्यापासून हातभर अंतरावर, "एक... दोन... तीन..."

काका त्या आवाजाबरोबर चालू लागले. त्यांचे ओठ हलत होते, तेही मोजत होते. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकला. म्हातारपणी एवढा जोर कुठून आला, कोण जाणे! मी पुन्हा धरला आणि वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं.

"काका, तिथं वाट नाही! कडा आहे. मी इथून पुढं कधी गेलोच नाही. घरी बसून दोऱ्यानं मोजलं. खोटं लिहिलं मी, तुमच्याशीही खोटं बोललो. तुमची मुलगी माझ्यामुळं गेली."

ते थांबले. सकाळपासून मला अहो-जाहो करणारा तो माणूस हळूच म्हणाला, "मला काय सांगतोस? तिला सांग. ती अजून मोजतेय."

"...ब्याण्णव... त्र्याण्णव..."

मी तोंडाभोवती हात धरले. मग सगळा जीव गोळा करून ओरडलो, "थांबा! पुढं वाट नाही! माझं चुकलं... मागं फिरा!"

मोजणं थांबलं.

मग ओल्या गवतात बूट रुतल्याचा आवाज आला, सावकाश आमच्या दिशेनं येणारा. लोकरीचा वास दाट झाला. काकांच्या आणि माझ्या मधून काहीतरी गार सरकून गेलं, आणि काकांनी हात पुढं करून म्हटलं, "हळू गं बाळा... दगड ओले आहेत."

मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

उतरताना आम्ही मागं पाहिलं नाही, पुढंही फारसं पाहिलं नाही. आमच्या चार पावलं पुढं कुणीतरी उतरत होतं आणि आम्ही त्या आवाजामागून जात होतो. फाटकापाशी तो थांबला. काकांनी खिशातून पाकीट काढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत, अकरा चाळीसच्या खाली, त्याच बारीक अक्षरात नव्या वेळा होत्या. दगडांची रास, बारा पन्नास. फळी, एक पंचेचाळीस. फाटक, दोन तीस. काकांच्या घड्याळात बरोबर अडीच वाजले होते.

"आली घरी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता ते रस्त्याला लागले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. माफ केलं की नाही, हेही मला ठाऊक नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला पत्रक दिलं असतं. पण मी दोऱ्यानं पुरी केलेली बारा नंबरची एकच वाट नव्हती. आणखी तीन होत्या. नऊ, सतरा आणि तेवीस. परत आल्याबरोबर त्या पत्रकांचे गठ्ठे मी विक्रीतून काढले आणि या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात असते, ही बघा.

आठवड्यानं कपाट उघडलं. नऊ नंबरच्या सगळ्यात वरच्या प्रतीवर, प्रत्येक खुणेपुढं पेन्सिलीनं वेळ लिहिलेली होती. बारीक अक्षर. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुढच्या आठवड्यात तेवीस नंबर तसाच भरला. मी चाललो नव्हतो, म्हणून ती चालून बघत होती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्या दोन्ही वाटा बिनधोक निघाल्या.

सतरावर तिसऱ्या खुणेपर्यंत वेळा आल्या आणि थांबल्या. महिना झाला. चौथ्या खुणेआधीचं माझं वाक्य आहे, 'वाट स्पष्ट आहे.' परवा मी स्वतः तिसऱ्या खुणेपर्यंत जाऊन आलो. लख्ख ऊन होतं. समोर नुसतं सपाट गवत, नवा नकाशाही तेच सांगतो. पण माझं पाऊल पुढं पडेना. मी परत आलो.

हे घ्या पत्रक, हातात धरून नीट बघा. आज सकाळी चौथ्या खुणेपुढंही वेळ आलीय. चार दहा. पण अक्षर बघा, हे बारीक नाही. हे माझं अक्षर आहे, आणि मी तिथं अजून गेलेलो नाही.