गोडी गेलेला हौद

ट्रॅक्टरचं मागचं चाक गटारात गेलं आणि बाबांच्या ठेवणीतल्या सगळ्या शिव्या माझ्या तोंडून बाहेर पडल्या.

पाऊस... ऐन द्राक्षतोडणीत पाऊस! ट्रॉलीत शेवटच्या वेलींची द्राक्षं भिजत होती आणि खाली दोउरो नदी मातकट झाली होती. बाबा शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसले होते, म्हणून यंदाचा हौद पहिल्यांदाच माझ्या हाती आला होता. "देओलिंदा, वाइन बिघडली तर मळा शेजारच्या कंपनीला द्यायचा," त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "आणि तू शहरात, पोर्टोला, आत्याच्या पार्लरमध्ये." मला बायकांचे केस धुवायचे नव्हते. मला वाइन करायची होती.

वळणावर एक छोटा ट्रक थांबला. त्यातून एक उंचेला मुलगा उतरला.

"शिव्या छान देता," तो म्हणाला. "का थांबलात? मी ऐकत होतो."

"ढकलायला येतं... की नुसतं ऐकताच येतं?"

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा. नाव गास्पार, पलीकडच्या गावच्या ब्रँडीच्या भट्टीवाल्याचा मुलगा. आणि ट्रकमध्ये आमच्याच हौदासाठी मागवलेली ब्रँडी! हौदातला रस आंबत असताना, गोडी शिल्लक आहे तोवर त्यात ब्रँडी पडली पाहिजे. मग आंबणं थांबतं, गोडी राहते, आणि त्याला पोर्ट म्हणतात. उशीर झाला की संपलं.

चाक काही निघेना. तेव्हा त्याने ब्रँडीची पिंपं रस्त्याकडेच्या चॅपलच्या ओसरीत उतरवली आणि माझी द्राक्षं ट्रकमध्ये चढवली.

"अहो, पण ब्रँडी?"

"ती कुठे पळून जातेय? द्राक्षं सडतील. पिंपं उद्या आणतो. शब्द देतो."

आमच्या अंगणात क्रेट उतरवून झाल्यावर त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला. "गालावर चिखल आहे. म्हणजे... शोभतोय. पण आहे."

सकाळी कळलं, उतारावरची दगडी ताल, मळ्याची माती धरून ठेवणारी भिंत, रस्त्यावर कोसळली होती. चॅपल पलीकडे, आम्ही अलीकडे. आणि पाऊस थांबायचं नाव घेईना.

रस गरम होऊन बुडबुडायला लागला होता. मी सारखी वाटी बुडवून चाखत होते. मधासारखा... मग जरा कमी... मग अजून कमी. फोन कानाला चिकटलेला.

"गास्पार, किती वेळ?"

"खोदतोय. दगड संपत नाहीत हो!"

"गोडी संपतेय इथे!"

"मला माहीत नाही का? जेवलोसुद्धा नाही मी!"

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा नखशिखांत चिखलात होता. मी वाटी त्याच्या हातात दिली. त्याने चाखलं आणि मान खाली घातली. गोडीचा टिपूससुद्धा उरला नव्हता. बाबांनी वरच्या गॅलरीतून आमचे चेहरे पाहिले. "जुन्या पिंपात ओतून ठेवा ते," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला हुंदका फुटला, आणि तो गास्पारसमोर फुटला याचा आणखी राग आला.

त्याचा दोष नव्हता. म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळेना.

हिवाळाभर दर रविवारी तो यायचा आणि पडलेली ताल पुन्हा रचायचा. कोणी सांगितलं नव्हतं. मी वेली छाटता छाटता वरून बघायचे.

"तो दगड वाकडा बसलाय," मी ओरडायचे.

"तुमच्याकडे बघताना बसवलाय... वाकडाच बसणार!"

मी कात्री जोरजोरात चालवायचे. गाल तापायचे. आणि लगेच आठवायचं, बाबांनी आत्याला फोन केला होता. बदामाला फुलं आली की मी पोर्टोला जाणार होते. ती यंदा लवकर आली.

बाबांनीच भट्टीला निरोप धाडला, बिघडलेली वाइन घेऊन जा, ऊर्ध्वपातन करून ब्रँडी करा. टाकी घेऊन गास्पार आला. माझी बॅग दारात भरून ठेवलेली होती. त्याने ती पाहिली, आणि एक गाल काही हसला नाही.

तळघरात त्याने पाइप जोडला. मग थांबला.

"चाखलीत?"

"त्या दिवसापासून नाही. हिंमत होत नाही."

"मग मी एकटा कसा नेऊ? आधी चाखू या."

त्याने एकाच पेल्यात काढली. गडद, जांभळट. आधी मी घोट घेतला... आणि तशीच उभी राहिले. गोड नव्हती. पण जिभेवर आमच्या उतारावरची काळी पिकलेली फळं होती, तापलेला दगड होता, आणि घोट संपल्यावरही ते जात नव्हतं. इतकी वर्षं गोडीखाली आमच्या मळ्याची ही चव लपली होती आणि कुणाला पत्ता नव्हता!

"गास्पार... चांगली आहे ना? की मलाच वाटतंय?"

त्याने पेला घेतला, मी ओठ लावले होते तिथूनच प्यायला, आणि पाइप काढून टाकला. "ही मी नेणार नाही. माझ्या बाबांनी मला भट्टीतून हाकललं तरी नाही."

बाबा जेवायला बसले होते. पोर्ट कुणी जेवताना पीत नाही, ती नंतरची. मी पेला त्यांच्या ताटाशी ठेवला. गास्पार दारात, टोपी पिळत.

बाबांनी घोट घेतला. बकरीच्या मटणाचा तुकडा खाल्ला. पुन्हा घोट घेतला. पाव मोडला. पेला रिकामा झाला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"भर," ते म्हणाले. मग दाराकडे न बघता, "आणि त्या ताल रचणाऱ्याला ताट वाढ. किती वेळ टोपी पिळणार आहे तो? आत्याला मी सांगतो काय ते."

बॅग उचलायला मी दाराशी गेले. गास्पारने ती आधीच उचलली होती. सोडेना.

"पुढच्या तोडणीला..." तो अगदी हळू म्हणाला, "एका हौदाची ब्रँडी उशिरा आणू का?"

"आणूच नकोस," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याला 'अरे-तुरे' केलं होतं. "तू मात्र लवकर ये... आणि आलास की जाऊ नकोस."

आधी एक गाल हसला. मग दुसरा.