वरून मांडलेल्या सहा रेघा

कालवांच्या धिरड्यांच्या गाडीपाशी लिहुआनं छत्री उघडायला आणि तिंगशाननं मागे वळायला एकच गाठ पडली. छत्रीची काडी थेट त्याच्या कानात!

“अगं बाई! लागलं का हो?”

“हा कान गेला. दुसरा आहे अजून,” तो कान चोळत म्हणाला. केसांवर दगडाची पांढरी भुकटी, पापण्यांवरसुद्धा... चीनमधल्या या हुईआन गावच्या निम्म्या पुरुषांसारखा हाही दगड घडवणारा. भिजतोय बिचारा म्हणून तिनं त्याला छत्रीत घेतलं. आणि घेतलं ते घेतलंच!

त्या हिवाळ्यात दोघांनी ती गाडी एकदाही चुकवली नाही. ती झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात कामाला. काम आटोपलं की बंदरावर बसून आजोबांच्या भोकाच्या तीन नाण्यांनी ती त्याला कौल लावायला शिकवायची.

“उद्या काय होईल, असं विचारायचं नाही हं. मी कसं वागू, एवढंच. नाणी सहा वेळा टाकायची, दर खेपेला एक रेघ, सलग नाहीतर तुटकी. मग त्या चित्राकडे बघत आपल्याच मनात डोकवायचं.”

“माझ्या मनात डोकवायला जागा कुठाय? तिथं तू ठाण मांडून बसलीयस.”

“चल, चावट कुठला!” ती म्हणाली खरी... पण गाल तापायचे ते तापलेच. एकदा त्यानं नाणी घरी न्यायला मागितली, तर तिनं लगेच देऊन टाकली.

मग खोकला हटेना म्हणून त्याच्या छातीचा फोटो काढला. फुप्फुसं दगडाच्या धुळीनं भरलेली. हे दुखणं बरं होत नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हातात फार तर थोडी वर्षं. त्या दिवसापासून तिंगशान गाडीवर फिरकेना, फोन उचलेना.

लिहुआनं तरी किती कुढावं? एका सकाळी ती तडक त्याच्या कारखान्यात गेली. तो दाराशी बसून थडग्याच्या दगडावरची अक्षरं रंगवत होता. धुळीत जायला आता त्याला मनाई होती.

“तोंड का लपवतोस?”

“कौल लावला होता. लिहुआशी लग्न करू का, विचारलं.” त्यानं भिंतीवर कोळशानं ओढलेल्या सहा रेघा दाखवल्या. वर तीन सलग, खाली तीन तुटक्या. “बघ. सलग रेघांचं आकाश वर, तुटक्यांची धरती खाली. दोघं एकमेकांपासून लांब चाललेली. ‘रोध’ आला, अडथळ्याचा कौल.”

“यातली पहिली रेघ कुठली?”

“ही, सगळ्यात वरची. थडग्यावरची अक्षरं वरूनच कोरतात ना!”

लिहुआनं कपाळावर हात मारून घेतला. “अरे शहाण्या, कौल खालून वर चढतो, घर बांधतात तसा! तू उलटा मांडलास. आकाश खाली, धरती वर, दोघं भेटायला निघालेली... हा ‘शांती’चा कौल आहे!”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे... करायचं लग्न?”

हे ऐकलं मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वाईट आला म्हणून सोडलंस, चांगला आला म्हणून धरतोस? मी काय नाण्यांशी लग्न करतेय? कौल उलटा असो की सुलटा, तुझा खोकला तोच राहणार, तिंगशान. तुला काय हवंय ते बोल!”

तेवढ्यात त्याला उबळ आली. लांबलचक, जीव घेणारी. ती त्याची पाठ धरून उभी राहिली, नजर न वळवता. त्याला श्वास सापडायला बराच वेळ लागला.

“भीती वाटते गं,” तो म्हणाला. “काकालाही हेच दुखणं होतं, बघितलंय मी. आडवं व्हायची सोय नाही. काकू रात्र-रात्र त्याला धरून बसायची... तुझी तशी दशा करू?”

“ते मी ठरवीन.”

“रडशील.”

“रडेन! न रडायला मी काय दगड आहे?”

तो कसंनुसं हसला. “मला तू हवी आहेस... मी आहे तोवर. थोडंच उरलंय, पण तुझ्याजवळ हवंय.” त्यानं खिशातून नाणी काढून तिच्यापुढे धरली. “तूही विचारून घे एकदा. मग हो म्हण.”

लिहुआनं त्याची मूठ मिटली.

“शंका असली तर विचारतात,” ती म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला तिथंच, त्याच्या खांद्यावर फुटलं.