पाखराचा वाटा

पाखरं मोजायला आलात ना तुम्ही, मग हेही ऐकून ठेवा. दिवा जरा जवळ घ्या. आणि नदीपलीकडच्या रानात मधाचं पाखरू का दिसत नाही, ते मला परत विचारू नका.

माझी धाकटी बहीण अजिदा बाळंत झाली, म्हणून मी आणि तिचा नवरा अनाफी मध आणायला निघालो. आम्हा याओ लोकांत सगळेच जावई घरजावई, त्यामुळे त्याची बडबड मला रोजचीच. गेल्या सुक्या दिवसांतली गोष्ट. रानभर पाचोळा, जळक्या गवताचा वास. मी घशातून 'ब्र्रर्र... हं' अशी हाक घातली आणि पाखरू आलं. थोडं पुढे उडायचं, फांदीवर बसायचं, आम्ही येतोय का ते मागे वळून बघायचं. असं करवादत करवादत त्यानं आम्हाला पोळ्यापाशी नेलं. आम्ही धूर केला, ढोली फोडली, मध काढला.

आता मेणाचा एक तुकडा पानावर ठेवायचा. तो पाखराचा वाटा, मामा-आजोबांपासूनची रीत. पण हल्ली गावात मेण विकत घेणारा यायला लागला होता. अनाफीनं पान पसरलं खरं, पण त्यावर पडलेला चुरासुद्धा वेचून पिशवीत भरला. मी म्हटलं, त्याचं त्याला दे. मी पिशवीला हात घातला, तर त्यानं ती खांद्यावर टाकली.

"दादा, पोट भरलं तर ते दुसरं पोळं कशाला दाखवेल?" तो हसत म्हणाला. "राहू दे की उपाशी."

पाखरू बराच वेळ त्या रिकाम्या पानाकडे बघत बसलं. मग उठलं, करवादत पुढे निघालं आणि अनाफी खुशीत त्याच्यामागे. मी चार पावलं गेलो आणि थबकलो. रानात दुसरा कसलाच आवाज उरला नव्हता. पुढून अनाफीची हाक आली, 'ब्र्रर्र... हं'. लगेच तीच हाक, त्याच्याच गळ्यातली, माझ्या पाठीमागून आली... अगदी कानाशी. वळलो, तर कुणी नाही. मग घसा फुटेस्तोवर ओरडलो, पण अनाफीनं काही ओ दिली नाही.

गावानं रान पालथं घातलं. अजिदाच्या डोळ्यांचं पाणी खळेना. आणि एका सांजेला तो आपणहून आला. कुऱ्हाड नाही, पिशवी नाही, अंगावर साधा ओरखडा नाही. बहीण धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. त्यानं मक्याच्या उगालीला हात लावला नाही, कुणाशी बोलला नाही. घरात होतं नव्हतं तेवढं मेण हुडकून खाल्लं. मग उठला, दाराबाहेर थोडं चालला, थांबला, मागे वळून बायकोकडे बघितलं. परत आला. परत गेला, परत वळून बघितलं. घशात काहीतरी खडखडत होतं...

आमचा जन्म त्या पाखरामागं गेलेला. असं वळून बघणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

मी अजिदाचा हात धरला. "जाऊ नकोस बाई. हा तो नाही."

"बोलावतोय मला, दादा..." ती हळूच म्हणाली. "नवरा आहे माझा."

तिला शेजारणींच्या हवाली केलं आणि दारोदार फिरून मेण गोळा केलं. रानाच्या कडेला पानांवर त्याची रास घातली, हात पसरून माफी मागितली. परत आलो तर शेजारणी दारात गाढ झोपलेल्या, घर रिकामं. पोर तेवढं चटईवर. वाटेच्या धुळीत पावलं उमटली होती ती एकट्या अजिदाची. मी ऊर फुटेपर्यंत धावलो हो, पण खडकाळ जमीन लागली आणि माग संपला. सकाळी मेण होतं तसंच होतं. त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

तुम्ही मघाशी म्हणालात, पाखराची किंमत ठरवायची आहे. ठरवा बापडे. माझ्या बहिणीची किती धराल?

पोरगं मीच वाढवतोय. आत झोपलंय ना, तेच. अजून 'मामा' म्हणत नाही. परवापासून रांगायला लागलंय. दारापर्यंत जातं, उंबऱ्याशी थांबतं... आणि मी येतोय का, ते मागे वळून बघतं.