जोरदार पत्र

मार्नीची गाडी अमेरिकेतल्या डुलूथ शहरात, वृद्धाश्रमासमोरच्या चढावर बर्फात रुतली, तेव्हा ती मनातल्या मनात स्वतःलाच लाखोली वाहत होती. तिथे स्वयंसेवक म्हणून आजचा पहिला दिवस, आणि आजच उशीर... चाकं जागच्या जागी गरगरत होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. कानटोपीतून फक्त लालबुंद नाक बाहेर आलेला एक उंच तरुण, पाळीव मांजरांच्या शी-शूसाठी मिळते त्या वाळूची पिशवी हातात घेऊन उभा होता.

"मांजर पाळतोस?" तिनं काच खाली करत विचारलं.

"नाही. तुझ्यासारख्यांना बाहेर काढतो." त्यानं चाकांखाली वाळू पसरली. "आता हळूच पुढे घे. हळू म्हटलं मी..."

गाडी सुटली आणि वाळू-बर्फाचा सगळा चिखल त्याच्या पँटवर उडाला. वृद्धाश्रमात पोचल्यावर मार्नीला कळलं, स्वयंसेवकांचा प्रमुख कॅल्विन टेट म्हणतात तो हाच.

"उशीर झाला तुला," पँट झटकत तो गंभीरपणे म्हणाला. "कारणाचा मी साक्षीदार आहे, म्हणून सोडतो."

त्या हिवाळ्यात मार्नी वृद्धाश्रमात रमली. तिथल्या यालमार आजोबांनी उभी हयात गावालगतच्या समुद्राएवढ्या तलावातल्या मालवाहू बोटींवर काढली होती. ते कुणाच्याही हातून सूप घ्यायचे नाहीत, पण मार्नीनं बोटींचा विषय काढला की वाटी रिकामी व्हायची. अशा वेळी कॅल्विन दाराशी रेंगाळायचा. तिनं वर पाहिलं की हातातल्या कागदांत डोकं घालायचा. ते कागद बरेचदा उलटे असायचे, हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. उगाच सुधारला असता.

मार्नीचं कॉलेज संपत आलं होतं; वसंत आला तशी मेडिकल कॉलेजच्या अर्जांची धांदल सुरू झाली. शिफारसपत्रांसाठी दोन प्राध्यापक तयार होते. तिसऱ्या पत्रासाठी, रुग्णांजवळ तिला पाहिलेलं एक माणूस हवं होतं. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी बजावलं होतं, "सरळ विचारायचं, जोरदार पत्र लिहाल का? समोरचा जरा जरी अडखळला, तर आभार मानून उठायचं. मिळमिळीत पत्रापायी चांगल्या चांगल्या मुली मागे राहिल्यात."

मार्नीला निवड करायची गरजच वाटली नाही. ती थेट कॅल्विनच्या खोलीत जाऊन त्याच्यासमोर बसली.

"माझ्यासाठी जोरदार पत्र लिहिशील?"

कॅल्विननं पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर पाहिलं. "जोरदार... मार्नी, खरं सांगू का, मी—"

"थँक्यू," ती म्हणाली आणि उठली.

गाडीत बसल्यावर तिला रडू आवरेना. अर्जाची काळजी होतीच, लहानपणापासून तिनं डॉक्टर सोडून दुसरं काही होण्याचा विचारच केला नव्हता. पण ज्याच्या डोळ्यांत आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं, त्याच्याच लेखी आपण सुमार निघावं, हे जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात तिनं धीर करून मुख्य नर्स डेल्फिन बाईंना गाठलं. बाई तिला उठता बसता झापायच्या, म्हणून प्रश्न तिनं एका दमात विचारून टाकला.

"जोरदार?" बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला दुसऱ्या प्रकारचं येतच नाही. तू यालमारच्या अंगावर सूप सांडलंस, आणि रडत न बसता त्यालाच हसवलंस, ते लिहीन. सांडलंस, हेही लिहीन. पण तू कॅल्विनला विचारशील वाटलं होतं."

"विचारलं. त्याला जमणार नव्हतं."

"अस्सं." बाई गालात हसल्या. "म्हणजे अक्कल आहे म्हणायची पोराला."

मार्नीला काही उमगलं नाही. संध्याकाळी ती गाडीपाशी पोचली, तर मागून कॅल्विन धावत आला. तलावावरून बोचरा वारा सुटला होता आणि याच्या अंगात नुसता शर्ट.

"पत्र ठरलं ना? डेल्फिन बाई म्हणाल्या."

"ठरलं. तुझी कटकट मिटली."

"तू माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस त्या दिवशी."

"तू अडखळलास."

"अडखळलो. पत्रात आधी लिहावं लागतं, या मुलीशी आपलं नातं काय. 'प्रमुख' एवढंच लिहिलं तर खोटं. आणि खरं लिहिलं, तर ते पत्र कुणी जमेस धरणार नाही. बरोबरच आहे त्यांचं." तो थांबला. "माझ्यामुळे तुझं नुकसान नको होतं. म्हणून ठरवलं, तुला दुसरं कुणी मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"मिळालंय. उघड आता."

"मी तुझ्या प्रेमात पडलोय, मार्नी. चांगलाच."

मार्नी रडता रडता हसायला लागली. एवढ्यासाठी हा माणूस तिच्या रागाचा धनी झाला होता...

"आणि कॉलेज लांब मिळालं तर?"

"तर मीही येईन. म्हातारी माणसं सगळीकडे असतात."

"वेडा आहेस," ती म्हणाली आणि त्याचे गारठलेले हात तिनं आपल्या हातमोज्यांत घट्ट धरले. "मीही पडलेय, कधीचीच. जा, आधी कोट घालून ये. मग जेवायला जाऊ."

कॅल्विन हो म्हणाला. पण तिचे हात सोडून कोट आणायला काही तो गेला नाही.