पाण्यावरचा जावई

माही घागर कमळाबाईनं लाइनीतून उचलली अन् परकोटाच्या भिंतीजवळ नेऊन ठेवली. वरून म्हणते कशी, "परकोटाबाहेरच्यायनं शेवटी भरायचं!"

मी काय ऐकून घेणारी? घागर आणून पुन्हा तिच्या पाण्याच्या पितळी गुंडासमोर ठेवली. "काऊन बाई, नळ काय माहेराहून आणला तुम्ही?"

चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आतला तो नळ. सकाळ-सांज घडीभर चाले, मग नुसती हवा सोडे. शेवटी भरायचं म्हणजे भरायचंच नाई, हे तिले ठाऊक होतं अन् मलेही. बायायनं एकच कालवा केला. तेवढ्यात मागून कोणी तरी खुदकन हासलं.

पाह्यलं तं एक जवान पोरगा. खांद्यावर कावड, कावडीले घासलेटचे दोन पिपे, कपाळावर ओले केस... अन् डोळे असे हासरे, का माहा राग आणखीनच वाढला.

"हासाले काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. भांडता चांगल्या तुम्ही."

"तुमच्यासोबत भांडून दाखवू?"

"दाखवा ना," त्यानं आपला पिपा बाजूले सरकवला, "पण आधी घागर भरा. माहा नंबर घ्या."

घेतला. कोरडी घागर घेऊन घरी जाण्यापेक्षा बरं. पण भरताना दोनदा मागं वळून पाह्यलं, अन् दोनही वेळा तो पाहूनच राह्यला होता. मेला!

त्याचं नाव चैतू. आमच्यातलाच, गोंडपिपरीकडचा. मायबाप नाई, दरवाज्याजवळच्या चहाच्या हॉटेलात पाणी भरे. आम्ही धानोऱ्याचे. जंगलात पोट भरेना म्हणून बाबा मले घेऊन चांद्याले आला, गिट्टीच्या खदानीत लागला, अन् तिथी त्याच्या पायावर दगड पडला. तेव्हापासून माह्या बाबाचं, इसरू गोंडाचं, चालणं म्हणजे काठी टेकत झोपडीच्या दारापर्यंत. माय तं धानोऱ्यालेच मेली होती. आमची झोपडी परकोटाबाहेर, झरपटीच्या काठी. शहरातली सारी घाण त्याच नदीत उतरे. मी साहेबलोकायच्या नव्या बंगल्यावर माती वाहे. तिथी गुलाबाच्या वाफ्याले रबरी नळीनं दोन टाइम पाणी मिळे, अन् आम्हा मजूर बायायनं प्यायले मागितलं तं माळी म्हणे, घरून आणत जा!

सांजच्याले चैतू नळावर भेटे. आधी नुसतं पाहणं... मग "आज भांडण नाई का?"... मग एक दिवस घागर उचलून देताना माह्या बोटायवर त्याची बोटं राहून गेली. मी काही हात काढला नाई.

"सुकरी," तो हळूच म्हणाला, "तुह्या बाबाले भेटाले येऊ का?"

"काऊन? माह्या बाबाले चहा पाजतेस?"

"चहा नाई... तुले मागतो."

मी घागर डोक्यावर घेतली अन् त्याले झोपडीची वाट दाखवली.

आमच्यात पोरीच्या बापाले देज द्यावं लागते, पोरीचं मोल. ज्याच्याजवळ देज नाई, तो लमसेना होते. पोरीच्या घरी ठरली मुदत राबायचं, अन् मुदत भरली का पोरगी त्याची. बाबानं चैतूले वरखाली पाह्यलं.

"धानोऱ्याले असतो तं नांगर देल्ला असता तुह्या हाती," बाबा म्हणाला. "इथी शेत नाई का बैल नाई. इथी तू येर आण. पाणी. एक वरीस. पुढच्या फागूनात लग्न लावून देतो."

"बस, पाणीच?" चैतू हासला. त्याले वाटलं, सस्त्यात सुटला.

काय सांगू, कसे गेले ते दिवस! हॉटेलचं पाणी भरून झालं का तो आमच्यासाठी लाइनीत लागे, अन् परकोटाच्या भिंतीकडंनं कावड घेऊन येई. मी कामावरून सुटून मुद्दाम त्याच वाटेनं जाई. श्रावणझडीत दोघंही चिंब.

"पाऊस पडून राह्यला तरी पाणी आणतेस. वेडा आहेस का रे?"

"पावसानं बायको भेटत असती तं आभाळाखालीच बसलो असतो."

"अन् बायको भांडखोर निघाली तं?"

"भांडण ऐकूनच तं... पसंत केली."

मी लाजून पुढं पळाली. मागून कावडीची करकर अन् त्याचं हासणं येतच राह्यलं.

त्याच साली चांदा मुंबई राज्यात गेला. वस्तीतले लोक म्हणे, आता नळ येईन. एक साहेब आलाही. नाकाले रुमाल लावून झरपटीकडं पाह्यलं अन् म्हणाला, "तुमची वस्ती शहरात येत नाई. शहर परकोटापर्यंत."

"मंग साहेब, आमचा घाम कोणत्या गावात येते? बंगले तं तुमच्या शहरातच बांधतो," मी म्हटलं. तो जीपमध्ये बसून निघून गेला.

फागून आला. मी पिवळं लुगडं मागून ठेवलं होतं. बाबा म्हणाला, "औंदा ऊन लय आहे. एवढा उन्हाळा काढ चैतू, मग पाहू."

चैतूनं काढला. त्याच्या खांद्याले घट्टा पडला, घट्टा फुटला, त्यावर मी हळद लावे. पाऊस आला तं बाबा म्हणे, नदी गढूळ आहे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली तं पुन्हा फागूनाचं नाव काढलं. माह्या आता ध्यानात आलं होतं. जंगलात पेरणी संपते, कापणी संपते, लमसेनाचं कामही संपते. इथी माह्या बापाची तहान रोज नव्यानं लागे, अन् मुदत काही सरेना.

एक दिवस चैतू रिकामी कावड घेऊन आला. कोळसा खदानीत त्याले पक्कं काम लागलं होतं. खदानीच्या मजूर-लाइनीत खोली भेटणार होती, खोलीच्या तोंडाशी नळ.

"चला मंग, तिघंही जाऊ!" मी हरखून म्हटलं.

"तिघं नाई, सुकरी... नवराबायकोच पायजे म्हणते साहेब. जास्तीचं माणूस ठेवलं तं खोली काढून घेते. किती विनवलं मी."

बाबा खाटेवरून ऐकून राह्यला होता. "तू गेली का मी कोरडा मरीन वं," तो एवढंच बोलला, अन् पोरासारखा रडाले लागला. मले त्याचा राग आला. त्याची कीवही आली. कोणतं आधी अन् कोणतं मग, मलेच समजेना.

बाहेर येऊन चैतू म्हणाला, "सकाळच्या मोटारीनं जाऊन राह्यलो. चाल माह्यासंगं."

"बाबाले पाणी कोण देईन?"

"अन् मले... मले काय देल्लं तुम्ही? एक वरीस म्हणला होता तुहा बाबा. मी कधी ना म्हणलो?"

"कधीच नाई," मी म्हटलं. "ऐक चैतू, मले तू पायजे. तुह्याबिगर मले काहीच गोड लागत नाई. पण या म्हाताऱ्याले तहानेनं मारून मी तुह्या नळाचं पाणी पिऊ?"

त्यानं माह्या कपाळावरचे केस मागं सारले. कावड दाराशी टेकवली अन् गेला. मी मोटारीपर्यंत गेली नाई. गेली असती तं परत आली नसती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबानं दारावरून जाणाऱ्या बुधूले घरात बोलावलं. सिरोंच्याकडून आलेला पोरगा, नाकासमोर चालणारा. बिचारा लाजून माह्याकडं पाहे.

"चांगला आहे पोरगा," बाबा म्हणाला. "देज नाई त्याच्याजवळ. लमसेना राहतो म्हणते. एक वरीस."

मी बुधूले म्हटलं, "तुम्ही जा भाऊ. तुमचं काही चुकलं नाई." तो गेला. मग मी ती कावड उचलली. बाईमाणसानं कावड घेऊ नये म्हणते. मी खांद्यावर घेतली.

"आता तुहा लमसेना मीच, बाबा. फागून आला का मुदत सांगजो. अन् मुदत भरली का... मले कोणाले देशील?"

नळाची वेळ होऊन राह्यली होती. मी निघाली.