चवीचं झाड

"दार! आधी दार लावा!"

चैत्रालीच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्यात टोमॅटोचं इवलंसं पिवळं फूल. संकरासाठी त्यातले पुंकेसर काढताना मान वर करायचीही सोय नव्हती. बियाणं कंपनीच्या खरवईतल्या त्या जाळीघरात चार पांढऱ्या माश्या शिरल्या, तरी रोग आत यायला पुरे.

दार लागलं. "सॉरी... मी गंधार. अंबरनाथच्या आपल्या लॅबमधून. तुमच्या पानांचे नमुने माझ्या हातून एकमेकांत मिसळले. पुन्हा घ्यायला आलोय."

"फोन करायचा ना. मी पाठवले असते."

"चूक माझी... मग त्रास तुम्हाला कशाला?"

तेव्हा कुठे तिनं मान वर केली.

त्यानंतर तो येतच राहिला. खरं तर नमुने कंपनीच्या गाडीनंही जायचे. झाडं बांधणाऱ्या विठामावशी हसू दाबत विचारायच्या, "यो पोऱ्या पानांसाठीच येतो ना गो, बाय?"

चैत्रालीचं एक लाडकं वाण होतं. फळांचे घोसच्या घोस लगडायचे, आणि चव अशी की नुसतं खात राहावं. नवं हायब्रिड यातूनच घडवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण गंधारनं पानांचा डीएनए तपासला आणि म्हणाला, "पानं मुरडणाऱ्या रोगाला अडवणारं जनुक यात नाही."

"पुन्हा तपासा."

"तपासलं. रविवारी मुद्दाम लॅबला जाऊन."

"तुम्हाला झाड दिसतच नाही! नुसत्या स्क्रीनवरच्या रेषा दिसतात."

त्यानं रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला. मग हलकेच म्हणाला, "मी चुकलो असतो तर मलाच आनंद झाला असता... पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू?"

ती तडक निघाली. बदलापूरला घरी पोचेपर्यंत मात्र तिला उमगलं – राग त्याच्यावर नव्हताच. दुसऱ्या दिवशी तिनं लाडक्या वाणाच्या फुलांवर दुसऱ्याच एका टोमॅटोचे पराग टेकवले. तो रोगाला दाद न देणारा, पण अगदी बेचव.

उन्हं तापली आणि रोग आलाच. बाहेरच्या प्लॉटमधली तिची लाडकी झाडं मुरडून खुजी झाली. ती एकेक उपटत होती. गंधार आला, बाह्या वर सारल्या आणि शेजारची ओळ उपटू लागला. 'मी म्हटलं होतं ना' – हे शब्द कधीही येतील म्हणून ती मन घट्ट करून होती. ते आलेच नाहीत... आणि तिला रडू फुटलं.

संकराच्या दुसऱ्या पिढीची रोपं बोटभर झाली तशी त्यानं पानं तपासली. ते जनुक ज्यांत उतरलं होतं, तेवढीच रोपं तिनं वाढवली. फळं पिकल्यावर दोघं चाखत चाखत निघाले. आंबट. पाणचट. पुन्हा आंबट... आणि एका झाडापाशी दोघंही थबकले.

"हेच," ती कुजबुजली. "पण यातून पक्कं वाण व्हायला अजून पाच-सहा हंगाम जातील. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट तर संपत आलंय..."

"वाढवून घेतलं. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं होतं, त्यांना नाही म्हटलं."

"टोमॅटोसाठी?"

"नाही." त्याचे कान लाल झाले होते. "हा टोमॅटो जमला नाही ना, तरी ते सगळे हंगाम मला तुमच्याबरोबर काढायचेत, चैत्राली."

ती बराच वेळ त्या झाडाच्या पानांवरून बोट फिरवत राहिली. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "'तू' म्हण की आता... आणि तो टोमॅटो सगळा खाऊ नकोस रे, बी ठेवायचंय."